चिठ्ठी दुसरीच्या हाती असताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मी एका अमेरिकन कथेविषयी चार शब्द बोलणार आहे. शर्ली जॅक्सन या लेखिकेची ‘द लॉटरी’ ही कथा ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या २६ जून १९४८ च्या अंकात प्रसिद्ध झाली. कथा अगदी लहान आहे; पण वाचून झाली की बराच वेळ बोलवत नाही.

सुमारे ३०० वस्तीचे एक गाव. २७ जूनची स्वच्छ सकाळ. मुले गोटे गोळा करीत आहेत, पुरुष पाऊसपाण्याच्या गोष्टी करीत आहेत. टेसी हचिन्सन ही गृहिणी तर कामाच्या नादात आजचा दिवसच विसरलेली. ती ॲप्रनला हात पुशीत धावत येते. थट्टामस्करी होते. मग जुन्या काळ्या पेटीतून घरटी एकेक चिठ्ठी काढली जाते. हचिन्सनांचे घर निघते. घरातल्या पाच जणांत पुन्हा चिठ्ठ्या होतात आणि काळा ठिपका टेसीच्या वाट्याला येतो. सारे गाव तिला दगडांनी मारते. कथा संपते.

हे कशासाठी, असे कोणीच विचारीत नाही. जुने विधी लोक विसरले, मूळची पेटी हरवली, लाकडाच्या तुकड्यांऐवजी कागद आले. दगड तेवढे लक्षात राहिले. काही गावांनी ही चाल सोडली, असे कोणी सांगताच ७७ वेळा सोडत पाहिलेला म्हातारा वॉर्नर त्या लोकांना वेड्यात काढतो. चाल पूर्वापार आहे, हेच त्याचे उत्तर.

टेसी मात्र अन्याय झाला म्हणून ओरडते. पण केव्हा? चिठ्ठी तिच्या घरावर आल्यावर. आणि तक्रार तरी काय? चाल वाईट आहे, ही नव्हे; नवऱ्याला चिठ्ठी निवडायला पुरेसा वेळ दिला नाही, ही! स्वतःवरचा धोका कमी व्हावा म्हणून ती लग्न झालेल्या लेकीलाही चिठ्ठीत धरा म्हणते. तेव्हा तिला सांगतात, लेक सासरच्या घरात मोजली जाते. हा नियम आपल्याला काही नवा नाही! थोड्या वेळापूर्वी तिच्याशी हसून बोललेली शेजारीण दोन्ही हातांनी उचलावा लागेल एवढा धोंडा घेते. तिच्या धाकट्या मुलाच्या हातीही कोणी चार खडे देते.

त्या उन्हाळ्यात लेखिकेला ३०० वर पत्रे आली. त्यांतली फक्त १३ गोड शब्दांत होती, असे तिने पुढे सांगितले. काहींनी तर ही सोडत कुठे होते, पाहायला येता येईल का, असे विचारले होते!

आपण मात्र ‘असे कुठे असते का’ म्हणून सुटू शकत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधल्या यमूचे केशवपन घरच्याच माणसांनी घडवून आणले. ती कादंबरी, पण ती चाल आपल्याकडे खरोखर होती. केशवपन गेले, परंतु नवरा गेला की कुंकू पुसणे नि बांगड्या फोडणे उरले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथांविरुद्ध ठराव केला. चाल सोडणारी गावे अशीही असतात.

भगिनींनो, जिच्यावर चिठ्ठी आली तिच्या ओरडण्याला कोणी किंमत देत नाही. म्हणून विचारायचे ते चिठ्ठी दुसरीच्या हाती असताना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या विधवा भगिनींना मानाने बोलवायचे की नाही, हा प्रश्न त्यांनी उपस्थित करावा अशी वाट आपण पाहू नये. ज्यांच्या कपाळी कुंकू आहे त्यांनीच तो या सभेत मांडावा. तो मी आज मांडते आहे.