परमुलखातील चाकरी

मुंबईहून पुण्यास येणारी गाडी कर्जत सोडून घाट चढू लागली म्हणजे डब्यातील मंडळींची नजर दऱ्यांकडे आणि धबधब्यांकडे वळते. हा मार्ग कोणी बांधला, असा प्रश्न त्या घटकेस फारसा कोणाच्या मनात येत नाही. बोरघाटातील हे काम २४ जानेवारी १८५६ रोजी सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. काम ऐन भरात असताना, १८६१ साली, ४२,००० हून अधिक माणसे तेथे खपत होती. त्यांतील बहुतेक मजूर दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले, आणि त्यांच्यावर देखरेख करणारे कित्येक जण समुद्र ओलांडून विलायतेहून आलेले. म्हणजे खंडाळ्याच्या त्या डोंगरावर हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा असे दोघेही आपापल्या घराला पारखे होते.

या दोघांचेही हाल झाले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ साली हे काम हाती घेण्यास आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून मरण पावला. पुढे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट निभावून नेले. मजुरांची कहाणी याहून कडू आहे. पटकीने आणि तापाने किती माणसे गेली, त्याची गणतीच नाही. शिवाय मजुरी अनेक हातांतून झिरपत खाली येई. मुख्य कंत्राटदार, त्याखालचा कंत्राटदार, मग मुकादम, आणि शेवटी उरलेसुरले मजुराच्या पदरात. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर खवळले आणि त्यांनी युरोपीय देखरेखदारांवर हल्ला चढविला. तेव्हा कोठे सरकारचे डोळे उघडले. चौकशी झाली आणि मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तातडीने निकालात काढावेत म्हणून १८६० चा नववा कायदा झाला. मात्र याच कायद्याने ठरलेले काम टाकून जाणाऱ्या मजुरास शिक्षाही सांगितली. तो १९३२ साली रद्द झाला.

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचे कारण असे. घरापासून दूर चाकरी करणाऱ्या माणसाची खरी परीक्षा पगाराच्या आकड्यात नसते. ‘हे काम मला सोडता येईल काय, आणि सोडल्यावर मी कोठे उभा राहीन?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी असेल तर तो नोकर असतो. नसेल तर तो जवळजवळ बंदी असतो. बोरघाटातला मजूर गेला, पण हा प्रश्न गेलेला नाही.

आजच्या मावळाकडे पाहा. तळेगावचा मोटारींचा कारखाना २००८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीने सुरू केला. डिसेंबर २०२० मध्ये तेथील मोटारींचे उत्पादन थांबले. पुढे तो कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने घेतला आणि २०२५ साली तेथून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या. असा परदेशी कारखाना आला की यंत्रांच्या पाठोपाठ ती जाणणारी माणसेही येतात, आणि कोणा गृहस्थाच्या वरच्या मजल्यावर परदेशी बिऱ्हाड येऊन राहते.

या पाहुण्यास आपल्या देशात काय नियम आहेत? परकीयांविषयीचे जुने चार कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्या जागी एकच नवा कायदा अमलात आला आहे. नोकरीसाठी येणाऱ्यास रोजगाराचा व्हिसा घ्यावा लागतो. ज्या कामास येथलीच माणसे मिळू शकतात त्या साध्या कामासाठी तो मिळत नाही. कामात विशेष कौशल्य हवे आणि पगारही सरकारने ठरविलेल्या मर्यादेच्या वर हवा. मुक्काम १८० दिवसांहून अधिक असेल तर सामान्यतः आल्यापासून १४ दिवसांत त्याने आपली नोंदणी करावयाची असते. त्याला जागा देणाऱ्यावरही त्याची माहिती २४ तासांत पोहोचविण्याची जबाबदारी असते. पुष्कळ घरमालकांना हे ठाऊक नसते, आणि मग पोलीस दारात आले की पाहुणा आणि यजमान दोघेही गांगरतात. भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेला असणे हे तर महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने सर्वांनाच सक्तीचे आहे. तोंडी भाडे ठरवून आपण परक्या माणसावर उपकार करीत नाही. उलट पत्त्याचा एकुलता एक पुरावा त्याच्या हातून काढून घेतो.

व्हिसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला तो चालतो. लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना १९२४ साली झाली, आणि योगाच्या ओढीने येणारे परदेशी लोक या गावास नवे नाहीत. परंतु पर्यटक म्हणून आलेल्या कोणी उद्या पगार घेऊन एखाद्या हॉटेलात योग शिकवू लागला, तर हेतू कितीही चांगला असो, तो नियमभंगच होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोजगाराचा व्हिसा विशिष्ट मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. काही थोडे अपवाद सोडले तर मालक बदलावयाचा म्हणजे देश सोडून जाऊन नव्याने परवाना आणावयाचा. आपल्यापैकी कोणाची नोकरी गेली तर पगार जातो; परक्याची नोकरी गेली तर त्याच्या पायाखालची जमीनच जाते. मुलांची शाळा, भाड्याचे घर, बँकेतले खाते, सारे एकाच खुंटीला टांगलेले असते. म्हणून वरच्या मजल्यावरील बिऱ्हाड थोडे घुमे, थोडे धास्तावलेले दिसले तर त्याला तुसडे म्हणण्याची घाई करू नये. आषाढात लोणावळ्यास कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, आणि बाजारात भाव विचारण्यापुरती मराठीही येत नाही. अशा वेळी शेजारणीने दिलेला वाटीभर इंद्रायणीचा भात मोठे काम करतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला हा तांदूळ शिजल्यावर किंचित चिकट होतो, आणि चिकट भात खाणाऱ्या कोरियातील माणसाला तो आपल्या घरचाच वाटावा, इतका ओळखीचा आहे.

आता हेच चित्र उलट करून पाहू. समजा, कामशेतकडचा एखादा तरुण आखातात जावयास निघाला आहे. शेतीचा तुकडा गहाण पडला आहे. दलाल सांगतो, “आधी भेटीच्या व्हिसावर चल, तिकडे पोहोचलास की कामाचा करून देतो.” या एका वाक्यापाशी घरातील वडील मंडळींनी हात आडवा घालावा. भेटीच्या व्हिसावर काम करणारा कायद्याच्या दृष्टीने कामगारच नसतो. त्याची मजुरी बुडाली तर दाद मागावयास तो धजत नाही, कारण दाद मागताच तोच गुन्हेगार ठरतो.

अशांसाठी आपल्याकडे १९८३ चा परदेशगमनाचा कायदा आहे. दलालापाशी सरकारी नोंदणी हवी, आणि त्याला सेवेबद्दल ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक घेता येत नाही. जो दहावी उत्तीर्ण नाही त्याला सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, संयुक्त अरब अमिराती अशा ठराविक देशांत नोकरीस जाताना सरकारी परवानगी लागते. ही परवानगी म्हणजे अडथळा, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तीमुळेच त्याचा करार सरकारच्या दप्तरी येतो आणि १० लाख रुपयांचा अपघाती विमाही त्याला मिळतो. दहावी उत्तीर्ण तरुणाला ही परवानगी लागत नाही. म्हणजेच त्याचा कागद दुसरे कोणी तपासणार नाही, तो त्यानेच अधिक डोळसपणे तपासला पाहिजे.

करारात काय पाहावे? पगार किती आणि कोणत्या चलनात. जेवण, निवारा व परतीचे तिकीट कोणाकडे. कामाचे तास किती. आणि सर्वांत महत्त्वाचे, नोकरी सोडावयाची झाल्यास सूचना किती दिवसांची. आखातात मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे. कतारने २०२० साली आणि सौदी अरेबियाने २०२१ साली हे बंधन पुष्कळ सैल केले, तरी सौदीतील घरकामगारांना त्या सुधारणेचा लाभ मिळाला नाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात ठेवावयास देऊ नये. त्याची आणि कराराची एक-एक प्रत आईजवळ ठेवून मगच उंबरठा ओलांडावा; संकट आले तर वकिलातीकडे धाव घेताना हेच दोन कागद कामी येतात.

श्रोतेहो, बोरघाटात आधी दंगा झाला आणि मग कायदा आला. आज कायदा आधीच आहे. तो वाचण्याचे कष्ट तेवढे आपण घ्यावयाचे आहेत. आपला मुलगा परमुलखात ज्या न्यायाची आणि ज्या शेजाराची अपेक्षा करतो, तो न्याय आणि तो शेजार आपल्या वरच्या मजल्यावरच्या माणसाला आपण देतो की नाही, एवढे ज्याचे त्याने आपल्याशी पाहावे.