जुना स्टिरिओ: ठेवायचा, दुरुस्त करायचा की विकायचा?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय.)

कुणी लोकलमध्ये असाल, कुणी भांडी घासत असाल, कुणी अभ्यास सोडून ऐकत असाल.

तुमच्यातल्या बहुतेकांची गाणी फोनमध्ये आहेत. पण घरात कुठेतरी, कपाटावर किंवा टीव्हीखालच्या कप्प्यात, एक जुना स्टिरिओ पडलेला असतो. बाबांचा, काकांचा, आजोबांचा. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी तोच वाद होतो. एक जण म्हणतो, भंगारात द्या. दुसरा म्हणतो, हात लावाल तर बघा. मग चादर झटकली जाते आणि परत त्याच्यावरच टाकली जाते.

आमच्याकडे हा वाद पुढे ढकलता येईना, कारण आमची डोंबिवलीची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. महिनाअखेर जागा रिकामी करायची होती. दोन बेडरूमच्या घरातून भाड्याच्या वन बीएचकेमध्ये जायचं. आणि सामानात बाबांचा सेट: एक अ‍ॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक, गुडघ्याच्या वर येणारे दोन स्पीकर. शिवाय आजोबांचा, सुटकेससारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेअर. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून कुणीच काही लावलं नव्हतं.

दादा म्हणाला, "सगळा सेट विकू, शिफ्टिंगचा खर्च तरी निघेल." आई म्हणाली, "यातलं काहीही जाणार नाही." आणि दोघं माझ्याकडे बघायला लागले.

मी दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला: यातली नेमकी कुठली वस्तू? "सेट" असं नाही म्हणायचं, एकेका वस्तूवर बोट ठेवून सांगायचं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला ती एकादशीची कॅसेट हवी." आषाढी एकादशीला आमच्या घरी भजन व्हायचं, आजोबा पेटीवर असायचे, आणि बाबांनी ते टेप केलं होतं. त्या कॅसेटमध्ये एका ठिकाणी बाबांचा आवाज आहे, "अण्णा, थांबा जरा, कॅसेट उलटी करतो." आईला ते वाक्य हवं होतं. रेकॉर्ड प्लेअरबद्दल विचारलं तर म्हणते, "तो विका बाई. लग्न झाल्यापासून माझ्या पायात येतोय तो." आणि विका विका म्हणणारा दादा हळूच म्हणाला, "स्पीकर मात्र राहू दे."

म्हणजे भांडण ज्या गोष्टीवरून चाललं होतं, ती कुणालाच अख्खी नको होती. म्हणून माझं पहिलं सांगणं हे: सेटचा निर्णय एकत्र घेऊ नका. प्रत्येक वस्तूचा वेगळा घ्या. आणि प्रत्येकीबद्दल विचारा, हिचं आपल्याकडे आता काम काय?

आता तपासणी. इथे नीट ऐका, कारण उत्साहात लोक इथेच गडबड करतात. पाच-दहा वर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगमध्ये घालून बटण दाबू नका. आत कंडेन्सर असतात, ते वर्षानुवर्षं पडून राहिले की कमजोर होतात, काही सुकतात. एकदम २३० व्होल्ट दिले तर शॉर्ट होऊन चांगले भागही जळू शकतात. दुरुस्तीवाले आधी सिरीज बल्ब लावून बघतात. म्हणजे मशीनच्या लाइनमध्ये जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मशीन वाचतं. हे त्यांनाच करू द्या. वायर काढल्यावरही कंडेन्सरमध्ये करंट शिल्लक राहू शकतो, त्यामुळे घरी झाकण उघडून बोटं घालायची नाहीत.

सेट बाहेरून आणलेला असेल, तर मागे व्होल्टेज बघा. जपानमध्ये १०० व्होल्ट असतात, अमेरिकेत १२०. तिथलं मशीन आपल्याकडे ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं तर संपलंच.

मग काय बिघडलंय ते बघायचं. काही आजार स्वस्तातले असतात. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते? बहुतेक वेळा आत धूळ आणि काजळी असते, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. कॅसेट डेकची चाकं फिरत नाहीत? रबरी बेल्ट सैल झालेला किंवा विरघळून चिकट झालेला असतो. बेल्ट मिळतात. स्पीकरच्या कागदी कोनाभोवतीची फोमची कडा बोट लावताच भुगा होते? फोमचं असं होतंच. कडा नवी बसवता येते, स्पीकर टाकायची गरज नसते.

काही आजार मात्र महागातले. आऊटपुटची आयसी गेली असेल आणि ती बनायची बंद झाली असेल तर सावध. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एसटीके नावाच्या आयसी खूप वापरल्या गेल्या आणि त्यांच्या नकली आयसी बाजारात भरपूर आहेत. सीडी प्लेअरची लेझर गेली तरी तेच, त्या मॉडेलची मिळेल याची खात्री नाही. अशा वेळी दुरुस्तीवाल्याला आधीच विचारा: पार्ट हातात आहे का, की शोधावा लागेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे पार्टही मिळतात आणि पार्ट ओळखणारी माणसंही.

आता पैशांचा हिशोब. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरची सफाई आणि कंडेन्सर, दोन स्पीकरच्या कडा, डेकचे बेल्ट आणि रबरी रोलर, सगळं मिळून अंदाज आला चार हजार शंभर. दादा म्हणाला, "विकून एवढे तरी येतील का?" त्याचं म्हणणं विक्रीच्या बाजूने बरोबर होतं. विकायचंच असेल तर मोठी दुरुस्ती करू नका, तो खर्च बहुधा भरून निघत नाही. पण ठेवायचं असेल तर तुलना वेगळी करायची: एवढ्या पैशांत एवढ्या आवाजाचं नवीन काय मिळेल? मी दुकानात जाऊन ऐकून आले. त्या पैशांत एक ब्लूटूथ स्पीकर मिळत होता. एकच डबा. आमच्याकडे दोन मोठे स्पीकर होते आणि डावा-उजवा आवाज वेगळा.

आणि हो, फोन जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येतो. मागे लाल-पांढऱ्या गोल पिनच्या जागा असतात. ऑक्स किंवा टेप इन लिहिलेलं असेल तिथे हेडफोनच्या पिनची वायर लावायची. फोनला हेडफोनची जागाच नसेल तर छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावा. फक्त फोनो लिहिलेल्या जागी फोन लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण सिग्नलसाठी असते, तिथे फोनचा आवाज फाटतो.

आमचा निकाल असा लागला. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करून ठेवले. वन बीएचकेमध्ये स्पीकरवर कुंडी ठेवली, स्टूल वाचलं. रेकॉर्ड प्लेअर विकला. त्याच्या जुन्या कार्ट्रिजची सुई रेकॉर्डवर फार जोरात टेकायची आणि आमच्याकडे रेकॉर्ड उरल्या होत्या तीन. एका हौशी माणसाने नेला. मोटर फिरते, सुई बदलावी लागेल, हे त्याला आधीच सांगितलं आणि चालू असतानाचा व्हिडिओ पाठवला. विकताना एवढं केलंत की भावही बरा येतो आणि नंतर फोनही येत नाहीत.

कॅसेट डेक दुरुस्त केला तो एका महिन्याच्या कामासाठी. अकरा कॅसेट होत्या. लावायच्या आधी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडल्या. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जात नाही. दुसरं, खिडकीतून टेप उजेडात बघितली. दोन कॅसेटवर पांढरी बुरशी होती, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी. त्या लावल्या नाहीत. बुरशी डेकच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. त्या जाणकाराकडून साफ करून घेतल्यावरच लावायच्या.

उरलेल्या नऊ कॅसेट लॅपटॉपवर घेतल्या. डेकच्या लाइन आऊटमधून एक यूएसबी साऊंड कार्ड, आणि ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर. यात घाई चालत नाही. तासाच्या कॅसेटला तास लागतोच. फाइल आधी वेव्हमध्ये ठेवायची, एमपीथ्री नंतर करायची, आणि दोन वेगळ्या जागी ठेवायची. बाबांचं वाक्य चौथ्या कॅसेटमध्ये सापडलं. आईच्या फोनमध्ये तेवढा तुकडा वेगळा काढून दिलाय.

डेक अजून दादाकडे आहे. बुरशीच्या दोन कॅसेट साफ होऊन आल्या की त्याचं काम संपेल, मग ज्याच्याकडे कॅसेट आहेत पण डेक नाही अशा कुणाला तरी देऊ.

आणि जे खरंच मेलंय, ते? ते कचऱ्याच्या डब्यात नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अशी वस्तू नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रात द्यायची. साध्या भंगारात गेली की तांब्यासाठी वायर जाळल्या जातात आणि तो धूर आपल्याच नाकात येतो.

तर या रविवारी एक करा. घरातल्यांना विचारा, यातली नेमकी कुठली वस्तू तुला हवी आणि कशासाठी? उत्तर कॅसेट असेल तर ते काम पहिलं करा, कारण मशीन दुसरं मिळेल, टेप मिळणार नाही. काय निघालं ते मला व्हॉइस नोटवर नक्की कळवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवेन.

भेटू पुढच्या बुधवारी. काळजी घ्या, आणि आवाज जरा कमी ठेवा, शेजारी झोपलेत!