थापी आणि पाटी
(सिंदखेड राजा येथें पालकांपुढें केलेलें भाषण)

येथील लखुजीराजांच्या वाड्याच्या धन्याचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे; पाथरवटाचें कोण घेतो? म्हणूनच, हायस्कुलांत गवंडीकाम शिकवा म्हटलें कीं तुम्ही विचारतां, 'पोरानें पुन्हां थापीच धरावी काय?' भीति खरी आहे. वडाराच्या पोरास थापी आणि वकिलाच्या पोरास बीजगणित, अशी वांटणी होणार असेल तर तें शिक्षण आम्हांस नको.

पण सबंध वर्गास शिकवा ना! दोरीनें ३, ४ व ५ हात मोजून गवंडी पायाचा कोपरा काटकोनांत आणतो. पुस्तकांत तोच पायथागोरसचा सिद्धांत होतो, आणि आमचीं मुलें तो घोकून नापास होतात! जोतीराव फुले स्वतः बांधकामाचीं कंत्राटें घेत. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें बहुजनांच्या शिक्षणाचें गाऱ्हाणें त्यांनींच मांडलें. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला. तेथून निघालेल्या अभ्यासक्रमांत हायस्कुलाचीं मुलेंमुली बांधकाम, सुतारकाम, वीजजोडणी हातानें करतात.

आपल्या शाळेची पडकी भिंत मुलांनींच उभारावी. मात्र ओळंबा धरावयास पाटलाचा आणि हेडमास्तरांचा मुलगा आधीं पाहिजे. आणि मुलींस नुसतें पाणी आणावयास लावाल, तर आम्ही भांडूं.