काशाच्या माळावरचा 'पथेर पांचाली'
सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं चित्रीकरण ऑक्टोबर १९५२मध्ये सुरू झालं, तेव्हा हाताशी फारसा पैसा नव्हता. विम्याची पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गहाण पडले, ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या गेल्या. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी तोवर सिनेमाचा कॅमेरा चालवलेलाही नव्हता.

गावातलं घर कोलकात्याजवळच्या बोराल गावी मिळालं. चित्रपटातली अपू आणि दुर्गा ही भावंडं आगगाडी पाहायला धावतात तो माळ मात्र पालसितचा. काश गवताचे पांढरेशुभ्र तुरे वाऱ्यावर डोलत होते. पहिल्या दिवशी अर्धा प्रसंग टिपला गेला. आठवड्याने मंडळी परतली, तर गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकलेले! पुढचा मोहोर येईपर्यंत वर्षभर थांबावं लागलं.

पैसा संपला की काम बंद पडे. खंड लांबला तर मुलं मोठी दिसू लागतील, वृद्ध अभिनेत्री चुनीबालादेवी दगावतील, ही धास्ती खरीच होती. मिठाईवाल्याची भूमिका करणारा नट मधेच वारला. उरलेल्या दृश्यात दुसरा माणूस पाठमोरा चालताना दाखवला. प्रेक्षकाला तो फरक जाणवतही नाही, इतकी ती जोडणी नेटकी आहे. अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या पैशातून काम पुरं झालं आणि ऑगस्ट १९५५मध्ये चित्रपट कोलकात्यात झळकला.