संगणकाच्या कुलुपांची परिषद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गोव्याहून आलेल्या माणसाने समुद्राचे वर्णन करावे अशी रीत आहे. मी २०२२ च्या सप्टेंबरात तेथे गेले ती संगणक-सुरक्षेच्या परिषदेला, आणि समुद्र पाहिला तो बांबोळीला खिडकीतून. भाचीने तेथील एका स्पर्धेत नाव घातले होते. तिच्या सोबतीला मी. मलकापूरहून मुंबई, पुढे कोकण रेल्वे. प्रवासाचे पुराण एवढे पुरे.

परिषदेचे नाव नलकॉन. २०१० पासून ती गोव्यात भरत आली आहे. आधीचे दिवस शिकवणीचे, शेवटचे दोन व्याख्यानांचे. जमलेली मंडळी बहुतेक तरुण, अंगात काळे सदरे. "मावशी, हे सगळे हॅकर," असे भाचीने कानात सांगितले तेव्हा मी पर्स मांडीवर ओढून घेतली. पण हे लोक मालकाच्या संमतीने कुलूप उघडून पाहणारे. चोराच्या आधी आपणच फट शोधावी, हा त्यांचा धंदा. स्पर्धाही तशीच: मुद्दाम कच्ची ठेवलेली यंत्रणा फोडून आत दडविलेले सांकेतिक शब्द हुडकावयाचे. मुले जेवणाची शुद्ध विसरली होती.

व्याख्यानांतले निम्मे माझ्या डोक्यावरून गेले. एक रीत मात्र मनात ठसली. एखाद्याला यंत्रात दोष सापडला की तो प्रथम कंपनीला लेखी कळवितो, दुरुस्तीला मुदत देतो, आणि मग व्यासपीठावर उभा राहून सर्वांना सांगतो. सभा टाळ्या वाजविते. पुष्कळ कंपन्या तर दोष दाखविणाऱ्याला बक्षीस देतात. आपल्याकडे दोष दाखविणाऱ्या सुनेला काय मिळते ते येथे बोलत नाही!

रात्री भाचीने मला पुण्याच्या कॉसमॉस बँकेची हकीकत नीट उलगडून सांगितली. आपण एटीएममध्ये कार्ड घातले की बँकेच्या संगणकाला विचारणा जाते, 'पैसे द्यावेत काय?' चोरांनी मध्येच आपला खोटा मुनीम बसविला. तो प्रत्येकाला 'द्या' म्हणू लागला! ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत २८ देशांतून आणि हाँगकाँगच्या एका खात्यामार्गे मिळून ९४ कोटी रुपयांच्या वर गेले. १९०६ साली स्थापन झालेली ही बँक. ती अब्रूचा विचार करीत बसली नाही. पोलिसांत गेली, वर्तमानपत्रांत नाव आले. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिली.

आता आपल्या आळीतले सांगते, नाव न घेता. एका बाईंना संदेश आला, 'बिल भरलेले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल, या साहेबांना फोन करा.' साहेबांनी फोनमध्ये एक ॲप उतरवून घ्यावयास लावले. त्या ॲपमुळे बाईंच्या फोनचा पडदा साहेबांना तिकडे दिसू लागला, आणि मुलीच्या फीसाठी साठविलेले पैसे गेले. बाई चार दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. घरात "तुला कोणी सांगितले होते फोनला हात लावायला?" हे ऐकावे लागेल, याचे भय चोरापेक्षा मोठे. चार दिवसांत पैसे खात्यामागून खाते बदलीत कोठच्या कोठे गेले.

१९३० हा सरकारी क्रमांक याचसाठी आहे. तेथे तात्काळ कळविले तर चोराने उचलण्यापूर्वी पैसे त्याच्या खात्यातच गोठविता येतात. मग बँकेलाही कळवावयाचे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरविले, की ग्राहकाने आपल्या हाताने गुप्त आकडा दिला असला तरी त्याने बँकेला कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे नुकसान. म्हणजे चार दिवसांचे मौन किती महाग पडते, हिशेब तुम्हीच करा.

तेव्हा माझी मागणी लहानशी आहे. भिशीच्या दिवशी हिशेब झाला की पाव तास राखून ठेवावा. ज्या बाईला फसवा फोन आला असेल, मग पैसे गेले असोत वा नसोत, तिने तो कसा आला, समोरचा काय बोलला, ते सांगावे. बाकीच्यांनी मध्ये बोलू नये. घरी सांगावयाचा धीर नसेल तिने तेवढी थांबू नये, कोणत्याही वेळी माझे दार वाजवावे. १९३० ला फोन आपण दोघी मिळून लावू. त्या बाईंनी पहिल्या दिवशी बोलावयाचे कबूल केले आहे.