पद हे इनाम नव्हे

(पिढ्यांचे सहकार्य आणि मनुष्यबळाची निवड या विषयावरील व्याख्यानाचा पाठ)



पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव वसले आहे. गावाच्या नावातच ‘इनाम’ हा शब्द आहे. इनाम म्हणजे एकदा मिळाले की पिढ्यान्‌पिढ्या घरात राहणारे उत्पन्न. तत्कालीन मुंबई राज्याने १९५२ च्या अधिनियमान्वये व्यक्तिगत इनामे रद्द केली. जमिनीवरची इनामे गेली. मनातली मात्र सुटली नाहीत. कार्यालयातील खुर्ची, संस्थेचे कार्यवाहपद, कारखान्यातील एखाद्या यंत्राची गुरुकिल्ली, दुकानाचा गल्ला, या साऱ्यांकडे आजही पुष्कळ सज्जन माणसे इनाम म्हणूनच पाहतात. ती माणसे कष्टाळू असतात, निःस्पृहही असतात. पण त्यांच्या पश्चात काम कोण करील, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला रुचत नाही.

ज्येष्ठ आणि तरुण यांनी एका छपराखाली काम कसे करावे, आणि तरुणांची निवड कशी करावी, या प्रश्नाचे एक समर्थ उत्तर याच इनामगावाच्या मातीत सापडते. ते उत्तर दुहेरी आहे. काही मातीखाली होते, काही ती माती खणणाऱ्यांनी दिले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावी उत्खनन केले. तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांतील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तिचे तीन कालखंड. १३० हून अधिक घरांचे अवशेष मिळाले. पाच खोल्यांचे एक मोठे घर, त्याच्यालगत धान्याचे कोठार, नदीचे पाणी वळविण्यासाठी बांध आणि पाट, वस्तीच्या पश्चिम कडेला कारागिरांची घरे असा त्या गावाचा नकाशा होता. पाच खोल्यांचे घर गावप्रमुखाचे असावे आणि ते प्रमुखपद वंशपरंपरेने चालत असावे, असा उत्खननकारांचा निष्कर्ष आहे. म्हणजे इनामाची कल्पना या भूमीत किती जुनी आहे पाहा!

परंतु ज्यांनी हे गाव खणून काढले, त्यांची रीत नेमकी उलटी होती.

या कार्याचे प्रणेते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. जन्म १९०८ चा. ते मूळचे संस्कृतचे आणि प्राचीन इतिहासाचे विद्यार्थी. नालंदा विद्यापीठावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पुढे लंडनला डॉक्टरेट करताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली त्यांनी उत्खननाचे प्रत्यक्ष शिक्षण घेतले. १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभे राहिले, तेव्हा तिशीतले सांकलिया तेथे रुजू झाले. त्याच संस्थेत इरावतीबाई कर्वे आल्या. १९४४ साली गुजरातमधील लांघणज येथे या दोघांनी एकत्र काम केले, एक पुरातत्त्वज्ञ आणि एक मानवशास्त्रज्ञ. ‘जे मला येत नाही ते येणारा माणूस शेजारी हवा’ हा धडा सांकलियांनी आयुष्याच्या पूर्वार्धातच गिरवला होता.

इनामगावाचे काम सुरू झाले तेव्हा सांकलियांचे वय साठीला आले होते. निवृत्तीला पाचच वर्षे उरली होती. अशा वेळी सामान्य माणूस हाती असलेले काम आवरते घेतो. नवा पसारा मांडत नाही. सांकलियांनी आपल्या निवृत्तीनंतर दहा वर्षे चालणारे काम हाती घेतले. ते पूर्णत्वास नेण्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार, हे त्यामुळे आपोआपच ठरले. सोबतीला डॉ. झेड. डी. अन्सारी होते, नेवासे आणि नावडातोली येथील कामांत त्यांची साथ मुरलेली होती. आणि होते १९३० साली जन्मलेले, वयाने बावीस वर्षांनी लहान असलेले डॉ. मधुकर केशव ढवळीकर. एक अनुभवी सहकारी आणि एक नव्या दृष्टीचा सहकारी, अशी ही जोडी होती.

ही नवी दृष्टी कोणती? आधीच्या काळात उत्खनन मुख्यतः खोल जाई. कोणत्या थरावर कोणता थर, कोणत्या संस्कृतीनंतर कोणती, याचा क्रम लावणे हे उद्दिष्ट असे. ते आवश्यकच होते. क्रम लागला नसता तर पुढचे काहीच शक्य नव्हते. परंतु साठ-सत्तरच्या दशकांत जगभर नवे प्रश्न उभे राहिले. माणसे राहत कशी होती? खात काय होती? गावात थोर कोण, सामान्य कोण? या प्रश्नांची उत्तरे खोल खड्ड्यात मिळत नाहीत. त्यासाठी विस्तृत पृष्ठभाग उघडावा लागतो. इनामगावी हेच झाले. एकेक घर, एकेक चूल, एकेक अंगण मोकळे करण्यात आले. ज्येष्ठांनी ज्या पद्धतीवर हयात घालवली, तिच्या पुढची पद्धत त्यांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्याच संस्थेत अवलंबिली गेली.

माणसांची निवडही त्याच धोरणाने झाली. जळालेले धान्य ओळखण्यासाठी वनस्पतींच्या अवशेषांचे अभ्यासक मु. द. काजळे होते. प्राण्यांच्या हाडांसाठी पी. के. थॉमस, नदीच्या गाळासाठी आणि भूरचनेसाठी शरद राजगुरू, मानवी सांगाड्यांसाठी सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाच. या मंडळींपैकी कोणीही सांकलियांची प्रतिकृती नव्हते. प्रत्येकाजवळ अशी विद्या होती, जिच्यात प्रमुखाने त्याला शिकवावे असे फारसे काही नव्हते. ज्येष्ठत्व कमी पडते ते येथेच. आपल्यासारखाच बोलणारा, आपल्याच पद्धतीने विचार करणारा तरुण निवडणे सोपे असते. आपल्याला न कळणारे काम करणारा तरुण निवडून त्याच्यावर विश्वास टाकणे अवघड असते.

आता शिरूर तालुक्याच्याच वर्तमानाकडे वळू. इनामगावाच्या याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. अशा कोणत्याही वसाहतीतील एखाद्या कारखान्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. तीस वर्षे एकाच यंत्रावर काढलेला कारागीर आहे. आवाजावरून त्याला बिघाड कळतो. सारे त्याला ‘मामा’ म्हणतात. शेजारी पदविका घेऊन आलेला बावीस वर्षांचा मुलगा आहे. त्याला संगणकाच्या पडद्यावरून बिघाड कळतो. मामा म्हणतात, ‘याला हात काळे करायला नकोत.’ मुलगा म्हणतो, ‘मामा काही सांगतच नाहीत.’ दोघांचेही खरे असते. मामांना भीती असते की सांगितले तर आपली किंमत उरणार नाही. मुलाला भीती असते की विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल. मग मामा निवृत्त होतात, त्यांच्यासोबत तीस वर्षांचे ज्ञान घरी जाते, आणि मुलगा वर्षभरात दुसरी नोकरी धरतो. हिशेबाच्या वहीत हा तोटा कोठेच लिहिला जात नाही.

अमेरिकेत या पिढ्यांना नावे दिली आहेत. १९४६ ते १९६४ दरम्यान जन्मलेले ‘बूमर’, १९८१ ते १९९६ दरम्यानचे ‘मिलेनियल’, इत्यादी. आपल्याकडे ही लेबले जशीच्या तशी चिकटवून भागत नाही. तेथील विभागणी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्यांच्या समाजस्थितीतून आली. आपल्याकडे खरी सीमारेषा १९९१ च्या आर्थिक बदलांची आहे. त्यापूर्वी नोकरीला लागलेल्याला नोकरी हेच स्थैर्य होते, त्यामुळे त्याने वरिष्ठाचा शब्द झेलला. त्यानंतर वाढलेल्याने कंपन्या उघडताना पाहिल्या आणि बंद पडतानाही पाहिल्या. त्याने आपले कौशल्य हेच स्थैर्य मानले. पहिल्याला दुसरा चंचल वाटतो, दुसऱ्याला पहिला मिंधा वाटतो. वास्तविक दोघेही आपापल्या काळाला साजेसे शहाणपणच दाखवीत असतात. हे एकदा उमगले की अर्धी कटुता तेथेच गळून पडते.

उरलेल्या अर्ध्यासाठी व्यवस्था लावावी लागते. आपल्याकडे १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना त्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. कायदा उमेदवाराला दारापर्यंत आणतो. त्याला कोणाच्या हाताखाली द्यायचे, सहा महिन्यांनी कोणते काम स्वतंत्रपणे सोपवायचे, आणि शिकविणाऱ्या मामांच्या श्रमाची नोंद कोठे करायची, हे मालकालाच ठरवावे लागते. शिकविणे हे कामाच्या वेळेत धरले, त्याला मान आणि मोबदला दिला, तर मामा मोकळेपणाने बोलू लागतात. ज्ञान दिल्याने किंमत वाढते असा अनुभव आल्यावाचून कोणी ते देत नाही.

इनामगावाच्या कथेत या दृष्टीने एक तपशील फार बोलका आहे. नेवाशाच्या उत्खननाचा अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकांत पहिले नाव सांकलियांचे होते आणि त्यांच्यासोबत देव, अन्सारी ही सहकाऱ्यांची नावे होती. सहकाऱ्यांना त्यांनी ऋणनिर्देशाच्या पानावर ढकलले नाही. इनामगावाचा बृहद्‌अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे नावांचा क्रम असा आहे: ढवळीकर, सांकलिया, अन्सारी. गुरुस्थानी असलेले, पद्मभूषण मिळालेले सांकलिया दुसऱ्या स्थानी आहेत. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. ढवळीकर पुढे डेक्कन कॉलेजचे संचालक झाले आणि २०११ साली पद्मश्रीने सन्मानित झाले. काम पुढच्या हाती गेल्याची ही लेखी पोचपावतीच नव्हे काय?

आणि कथा तेथेही संपत नाही. इनामगावी घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मोठ्या संख्येने मिळाली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात मूल ठेवलेले असे. ते इवलेसे सांगाडे डेक्कन कॉलेजने जपून ठेवले. लुकाच आणि वाळिंबे यांनी त्यांचा अभ्यास केला. पुढे लुकाच यांची विद्यार्थिनी ग्वेन रॉबिन्स शुग हिने तेच सांगाडे नव्या पद्धतींनी पुन्हा तपासले आणि २०११ साली त्यावर ग्रंथ लिहिला. हवामान कोरडे पडले आणि त्यामुळे वस्ती मोडली, या आधीच्या पिढीच्या प्रतिपादनाची तिने फेरतपासणी केली. ज्यांची हाडे जपली त्यांच्या पिढ्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या. ज्यांनी जपली त्यांची पिढी वेगळी. जिने प्रश्न विचारला तिची आणखी वेगळी. जपणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते की उद्या कोण येईल आणि काय विचारील. तरीही त्यांनी प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली, थर लिहिला, जागा लिहिली. आपल्याला खोडून काढण्याची साधनेही त्यांनी पुढच्यांच्या हाती व्यवस्थित बांधून दिली.

संस्था टिकते ती अशाने. तरुणांची भरती करताना केवळ ‘हा आपले ऐकेल काय?’ एवढेच पाहणाऱ्या संस्थेला आज्ञाधारक माणसे मिळतात आणि प्रमुखाच्या निवृत्तीबरोबर तिची उमेद संपते. ‘आपल्याला न येणारे याला काय येते?’ हा प्रश्न विचारणाऱ्या संस्थेला थोडा त्रास होतो, वाद होतात, पण ती पुढच्या प्रमुखाला आयती सापडते. तरुणांवरही जबाबदारी आहेच. नेवाशाला थरांचा क्रम लागला होता म्हणून इनामगावी घरे उघडता आली. आधीच्यांनी घातलेल्या पायाची विचारपूस न करता नवे मजले चढविणे हा उतावीळपणा होय.

म्हणून या सभेतून घरी जाताना प्रत्येक ज्येष्ठाने स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा. आपल्या दुकानात, कार्यालयात, शाखेत वा संस्थेत जे केवळ आपल्यालाच ठाऊक आहे, ते कोठे लिहून ठेवले आहे काय? आणि ते कोणाला शिकविले आहे? प्रत्येक तरुणाने आपल्या कामाच्या ठिकाणच्या एका मामांपाशी जाऊन बसावे आणि विचारावे, ‘हे असे का करतात, मला सांगाल का?’ एवढे दोन प्रश्न विचारले गेले, तरी इनामगावच्या मातीने सांगितलेले व्यर्थ गेले नाही असे म्हणता येईल.