आधी आपण जमिनीवर बसू या



महाराष्ट्रातून आलेल्या समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्त्यांची ही परिषद कोलकात्यात, सियालदहला भरली याचा मला विशेष आनंद आहे. इथून जवळच, पारशीबागान गल्लीतल्या १४ नंबरच्या आपल्या घरी, गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. रुग्णाला बोलतं करून बरं करायचं हे शास्त्र आपल्या देशात इथं रुजलं. पुढं पाव शतकात फाळणी झाली आणि पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं याच सियालदह स्टेशनच्या फलाटांवर संसार मांडून राहिली. त्यांच्यावर जे गुदरलं ते कुठल्या समुपदेशकाच्या खुर्चीत बसून सांगता येण्याजोगं नव्हतं. शब्दांत न मावणारं असं दुःख आजही आपल्या दवाखान्यांत येतं. तस्करीतून सुटलेली मुलगी येते, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी येते. त्यांना “काय वाटतंय ते सांगा” म्हटलं की त्या खाली बघतात.

या शहरानं त्यावर एक उत्तर शोधलं आहे. सोहिनी चक्रवर्ती समाजशास्त्र शिकलेल्या नर्तकी. त्यांनी २००४ साली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था उभी केली. देहविक्रीत ढकलल्या गेलेल्या मुलींसोबत नृत्य-हालचाल उपचारांचं काम त्यांनी केलं. बसवलेलं, प्रेक्षकांसाठीचं नृत्य त्यात नाही. आपल्याच शरीरावरचा हक्क परत मिळवणं आहे. त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं पाऊल: याच मुलींमधून प्रशिक्षक तयार झाल्या. पुढं संस्थेनं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसोबत पदविका अभ्यासक्रम सुरू केला. म्हणजे कोलकात्याचं हे काम आपल्या मुंबईत येऊन पोचलं आहे.

महाराष्ट्रात आपल्याकडेही कलेतून उपचारांचं बीज होतंच. डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातले नाना फडणवीस आणि बर्लिनची ग्रिप्स रंगभूमी पुण्यातल्या मुलांपर्यंत आणणारेही तेच. १९८६ साली सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राच्या अनिल अवचटांच्या हातात कधी बासरी असायची, कधी ओरिगामीचा कागद. जात्यावर बसून बायकांनी ओव्यांतून मन मोकळं केलं. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून अशा लाखभर ओव्या जतन झाल्या. मात्र या परंपरेचा दाखला देऊन “आपल्याकडे हे आधीपासून आहेच” म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ओवी गाणारीला जखम उघडी पडली तर सावरायला शेजारीण होती. आपल्या उपचारांच्या खोलीत ती जबाबदारी आपली असते, आणि ती शिकावी लागते.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. कलेतून उपचारांचं प्रशिक्षण आधी आपल्या स्वतःच्या अंगातून गेलं पाहिजे. प्रशिक्षणातला आरशाचा खेळ घ्या. दोघं समोरासमोर उभे. एकानं हात हळू उचलायचा, दुसऱ्यानं आरशातल्यासारखा तसाच. नवखे डॉक्टर इथं हमखास घाई करतात. समोरच्याचा श्वास मागं राहतो आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. मग भूमिका बदलतात. आता अनुसरायची पाळी आली की त्यांचे खांदे ताठ होतात. रुग्णाच्या गतीनं चालणं म्हणजे काय, हे तिथं पाच मिनिटांत अंगाला कळतं. स्पर्शाआधी विचारायचं, आणि ‘नको’ आलं तर चेहऱ्यावर नाराजी उमटू द्यायची नाही, हेही तिथंच कळतं. चित्रांचंही तसंच. काळा रंग दिसला की नैराश्य, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा, असले ठोकताळे कृपा करून विसरा. चित्राचा अर्थ ज्यानं काढलं त्यानं सांगायचा. त्याला सांगायचा नसेल तर नाही सांगायचा.

सगळ्यात कठीण भाग सेशनच्या शेवटच्या दहा मिनिटांचा. रंग, ताल, माती यांनी माणूस फार लवकर उघडतो, आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर. त्याला रस्ता ओलांडून घरी जायचं असतं. म्हणून चित्र त्यानं स्वतः गुंडाळायचं, कुठं ठेवायचं ते त्यानं ठरवायचं, हात धुवायचे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, पाय जमिनीवर टेकलेत ना ते पाहायचं. दोन दिवसांच्या कार्यशाळेत उघडणं शिकवलं जातं. हे मिटवणं अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने काम करूनच येतं. दोन दिवसांत ‘थेरपिस्ट’चं प्रमाणपत्र वाटणं मला धोकादायक वाटतं.

पुराव्याबाबतही आपण प्रामाणिक राहू. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात गटातल्या चित्रकला-उपचारांचा नेहमीच्या उपचारांहून जास्त फायदा दिसला नाही. बरेच रुग्ण सेशनला फिरकलेच नव्हते. नैराश्यात संगीतोपचारांचे निष्कर्ष अधिक आशादायक आहेत. म्हणून औषधं थांबवून ढोलकी हातात देऊ नका, आणि कोणाला कोणती कला, किती दिवस, याची नोंद ठेवा. नोंदी नसतील तर उद्या आपल्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही.

२०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याच्या परिशिष्टात कला, नृत्य आणि हालचाल उपचार करणाऱ्यांचा उल्लेख आला आहे. नोंदणीची चौकट त्यामुळं उभी राहू शकते. ती फक्त पदव्यांच्या वजनावर उभी राहिली, तर ज्या मुलींनी या शहरात हे काम घडवलं त्याच दाराबाहेर राहतील. हे आपण होऊ देता कामा नये.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात ठराव येणार आहे. कोणत्याही प्रमाणपत्राआधी स्वतः सहभागी म्हणून केलेली सेशन आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम सक्तीचं करावं, आणि अनुभवातून घडलेल्या प्रशिक्षकांना पदवीधरांइतकंच मानधन द्यावं, अशी त्यात मागणी आहे. माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. आपण सर्वांनी तो एकमतानं मंजूर करावा, ही नम्र विनंती.